एल्कसाठी रायफल: .३०० विन मॅग, ७ पीआरसी की थेट .३३८ लापुआ?

डेन्व्हरचा_धोंडू, १५ फेब्रुवारी

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

डेन्व्हरजवळ राहतो, नऊ वर्षं झाली, ग्रीनकार्ड आहे. गेली दोन वर्षं हापिसातल्या एका मित्राबरोबर (वायोमिंगच्या रँचवर वाढलेला गडी) एल्कच्या (इकडचं मोठं हरीण) शिकारीला जातोय पण हमाल म्हणून, म्हणजे त्याने मारायचं आणि मी मागची तंगडी पाठीवर बांधून चार मैल उतरायचं. यंदा स्वतःचा टॅग (एका जनावराचा परवाना) काढायचाय, ऑक्टोबरअखेरचा दुसरा रायफल सीझन, नराचा. हंटर एज्युकेशनचं कार्ड हातात आलंय, बायकोची परवानगी पण आली (अर्धी), आता अडलंय ते रायफलवर.

सध्या माझ्याकडे ६.५ क्रीडमूरची रायफल आहे (ही सगळी काडतुसांची नावं), पण ती रेंजवर कागद फाडायला घेतलेली. आम्ही जातो ती जागा झाडीच्या वर, उघडी. आपण एका धारेवर, मधे खोल घळ, आणि एल्क समोरच्या उतारावर ५००-६०० यार्डांवर चरत असतात. घळीत उतरून वर चढेपर्यंत दीड तास जातो आणि तोवर ते पलीकडे गेलेले असतात. म्हणून डोक्यात बसलंय की ८०० यार्डांपर्यंत भरवसा देईल असं काहीतरी घ्यावं. दुकानातला माणूस म्हणाला .३३८ लापुआ घे, विषय संपेल. मित्र म्हणतो .३०० विन मॅग. यूट्यूब म्हणतं ७ पीआरसी. दुर्बिणीसकट बजेट तीन हजार डॉलर, फार तर साडेतीन.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री, १५ फेब्रुवारी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. त्यातलं ओ का ठो कळत नाही पण वाचणार. ती तंगडी किती किलोची असते हो?

डेन्व्हरचा_धोंडू, १५ फेब्रुवारी

हाडासकट पंचवीस किलो तरी. दुसऱ्या दिवशी कमोडवर बसताना आई आठवते.

बाराबोर_काका, १६ फेब्रुवारी

धोंडू, स्वागत. मी मोंटानात, बोझमनजवळ, बावीस वर्षं. मूळ आजऱ्याकडचा, आजोबांची ठासणीची बंदूक घरात टांगलेली बघत मोठा झालो, पण पहिला बार काढला तो इकडे येऊन, त्यामुळे मला फार वर्षांचा शिकारी समजू नका.

आधी तुझ्या तिन्ही काडतुसांची कुळं सांगतो. .३०० विन मॅग १९६३ ची. तिच्या बुडाला तो जो पट्टा दिसतो ना, तो १९१२ च्या .३७५ एच अँड एचकडून वारशाने आलेला, हिला त्याची तशी गरज नाही पण घराणं म्हटलं की वारसा आला. कवचाची मान आखूड, त्यावरून लोक नावं ठेवतात, पण साठ वर्षं एल्क पडतायत त्याअर्थी मानेचं एल्कला काही सोयरसुतक नसावं. ७ पीआरसी २०२२ ची, अगदी कालची पोर, लांबलचक गोळ्या डोळ्यासमोर ठेवूनच बनवलेली. आणि .३३८ लापुआ ही शिकारीची चीजच नव्हे, ती लष्कराच्या स्नायपरांसाठी ऐंशीच्या दशकात घडवली गेली. .४१६ रिग्बीचं कवच घेऊन त्याचं तोंड लहान केलं आणि बूड जाड केलं. तिच्या रायफली दुर्बीण, बायपॉड (दोन पायांचा टेकू) धरून सहा-साडेसहा किलोला जातात. तू दहा हजार फुटांवर चालणार. आयडाहोत तर नियमच आहे, सगळ्या लवाजम्यासकट सोळा पाउंडांवर रायफल गेली की शिकारीला चालत नाही.

आता वजनाचं बघ. गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात आणि आपल्याला काही बोध होत नाही, पण १८० ग्रेन म्हणजे बरोब्बर एक तोळा. (गंमत नाही, इंग्रजांनी तोळा ठरवला तोच १८० ग्रेनचा.) तर तुझ्या क्रीडमूरची गोळी पाऊण तोळ्याच्या वर थोडी, .३०० ची एक ते सव्वा तोळा, लापुआची ३०० ग्रेनची पावणेदोन तोळ्याला जरा कमी. आणि समोर जनावर सव्वातीनशे किलोचं. सोनाराच्या तराजूतला माल आणि म्हशीएवढं धूड, त्यामुळे नुसतं वजन वाढवून काही होत नाही, गोळी कुठे बसते आणि आत गेल्यावर कशी उमलते यावर सगळं.

मी .३०० विन मॅग म्हणेन. का ते उद्या लिहितो, आता बर्फ काढायला जायचंय.

अँकरेजकर, १६ फेब्रुवारी

काका, .३३८ विन मॅग कुठे गेली? १९५८ ची, विन मॅगचीच थोरली बहीण, आणि इकडे अलास्कात घरोघरी. मूससाठी (एल्कपेक्षाही थोराड हरीण) मी तीच वापरतो, २२५ ग्रेन. लापुआ आणि विन मॅग दोन्ही .३३८ च, नळीचा व्यास तोच, पण विन मॅग नेहमीच्या वजनाच्या रायफलीत बसते आणि अस्वल समोर आलं तर रात्री झोप लागते.

बाराबोर_काका, १६ फेब्रुवारी

अस्वलाचा मुद्दा मान्य. पण कोलोरॅडोत ग्रिझली नाहीत, आणि तुमच्या तिचा धक्का धोंडूला झेपेल का? आठ-साडेआठ पाउंडांच्या रायफलीत थर्टी-ऑट-सिक्स हे जुनं काडतूस खांद्याला साधारण वीस फूट-पाउंडांचा धक्का मारतं, .३०० विन मॅग पंचवीस ते तीस, .३३८ विन मॅग तेहतिसच्या आसपास. क्रीडमूर बारा-तेरा. बारावरून तेहतिसवर उडी म्हणजे पोराला बालवाडीतून थेट दहावीत बसवल्यासारखं.

गणिताचा_तास, १७ फेब्रुवारी

ह्यूस्टनहून. शिकार करत नाही, पण लांब पल्ल्याच्या स्पर्धा खेळतो म्हणून आकडे टाकतो, बाकी तुम्ही बघा.

.३०० विन मॅग, २०० ग्रेन, नळीतून निघताना सेकंदाला २८६० फूट. २०० यार्डांवर शून्य केली (दुर्बिणीचा नेम तिथे बरोब्बर जुळवला) तर ३०० ला सात इंच खाली, ४०० ला वीस, ५०० ला चाळीस. हा खाली पडण्याचा भाग सोपा आहे, पृथ्वी रोज तेवढीच ओढते. रेंजफाइंडरने अंतर घ्यायचं, दुर्बिणीची चकती फिरवायची, झालं.

भानगड वाऱ्याची. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल तर ५०० यार्डांवर हीच गोळी चौदा-साडेचौदा इंच वाहते. लापुआची २८५ ग्रेनची लांब गोळी त्याच वाऱ्यात अकरा-साडेअकरा. म्हणजे दुप्पट किमतीचं काडतूस, दोन किलो जास्त ओझं, आणि विकत काय घेतलंत तर ५०० वर तीन इंच. आता वारा ओळखण्यात तुमची पाच मैलांची चूक झाली, दहाच्या जागी पंधरा होता, तर .३०० सात इंच चुकते आणि लापुआ पावणेसहा. चूक तुमची तीच, दोन्हीत. एल्कचा काळीज-फुप्फुसाचा भाग पंधरा इंचांचा धरा, म्हणजे मध्यापासून साडेसात. त्यात रायफलचा पसारा आणि तुमचा श्वास मिळवा.

८०० यार्डांवर त्याच दहा मैलांच्या वाऱ्यात .३०० चाळीस इंचांच्या आसपास वाहते. चाळीस. एल्कची छाती सोडा, अख्खा एल्कही चुकू शकतो.

डेन्व्हरचा_धोंडू, १७ फेब्रुवारी

हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. पण सर, वारा मोजायचं यंत्र मिळतं की, दोनशे डॉलरचं.

गणिताचा_तास, १७ फेब्रुवारी

मिळतं, माझ्याकडे आहे. ते तुमच्या हातातला वारा सांगतं. तुम्ही म्हणालात मधे खोल घळ आहे. दुपारी घळीतून वारा वर चढतो, संध्याकाळी खाली उतरतो, आणि समोरच्या उतारावर तिसराच असतो. यंत्राला ते दिसत नाही. सपाट रेंजवर मला झेंडे लावलेले असतात, तरी मी चुकतो.

एक फायद्याची गोष्ट पण सांगतो, उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे दहा हजार फुटांवर गोळी कमी पडते आणि कमी वाहते. माझे आकडे समुद्रसपाटीचे आहेत, तुमचे थोडे बरे येतील. पण म्हणूनच डेन्व्हरात शून्य केलेली रायफल वर गेल्यावर एकदा तपासून घ्या.

सौमित्रा_७१, १७ फेब्रुवारी

माफ करा पण हे सगळं वाचून कसंतरीच झालं. मुक्या जिवाला मारायचं आणि वर इंच मोजत बसायचं? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते चांगलंच झालं. परदेशात गेल्यावर संस्कार विसरायचे असतात का?

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री, १७ फेब्रुवारी

आला, शतकाचा धागा आला.

डेन्व्हरचा_धोंडू, १८ फेब्रुवारी

सौमित्राताई, तुमचं वाईट वाटणं खोटं नाही, मलाही पहिल्या वर्षी तो डोळे उघडे ठेवून पडलेला नर बघून पोटात कालवलं होतं. एवढंच सांगतो, शंभर वर्षांपूर्वी कोलोरॅडोतले एल्क जवळपास संपले होते, वायोमिंगहून आणून सोडावे लागले. आज इथे दोन लाखांच्या वर आहेत, अमेरिकेत कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्या कामाचा मोठा पैसा टॅगच्या फीतून आणि बंदुका-काडतुसांवरच्या अकरा टक्के करातून येतो, १९३७ चा कायदा आहे तो. आणि इथे मांस टाकून देणं गुन्हा आहे, मारलं की घरी आणायचंच. चिकन मीही खातो, तिथे इंच मोजायची वेळ दुसऱ्यावर येते. भारतातल्या कायद्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

सौमित्रा_७१, १८ फेब्रुवारी

पटलं असं नाही म्हणणार. पण उत्तर सभ्यपणे दिलंत, आभार.

बाराबोर_काका, १८ फेब्रुवारी

चला मूळ मुद्द्यावर. ताईंच्या प्रश्नावरूनच एक सांगतो, जे मी सहसा सांगत नाही.

२०१६ साली मी एका नरावर ६१० यार्डांवरून गोळी झाडली. .३०० विन मॅगच होती, रायफल चांगली, दुर्बीण चांगली, मी बायपॉडवर आडवा, वारा जवळजवळ नाही. सगळं बरोबर केलं. ६०० यार्ड जायला गोळीला पाऊण सेकंद लागतो. मी चाप ओढला आणि त्याने पाऊल टाकलं. बस्स, एक पाऊल. गोळी पोटात बसली. संध्याकाळ आणि पुढचे दोन दिवस आम्ही तिघांनी रक्ताचा माग काढला, कधी पानावर एक थेंब तर कधी शंभर पावलं काहीच नाही, दुसऱ्या रात्री बर्फ पडला आणि माग संपला. त्या वर्षीचा टॅग मी स्वतःच फाडून टाकला, कायद्याने तसं करायला लागत नाही पण मला दुसरा मारवला नसता.

तर माझा प्रश्न तुला काडतुसाचा नाहीच आहे. लापुआ असती तरी पाऊण सेकंदच लागला असता. तेव्हापासून माझी हद्द ४००, वारा पडलेला असेल आणि जनावर खाली मान घालून चरत असेल तर ४५०. .३०० विन मॅग एवढ्यासाठी म्हणतो की ४०० वर ती २०० ग्रेनची गोळी अजून सेकंदाला २२०० फुटांच्या पुढे असते, खांद्याच्या हाडात लागली तरी थांबत नाही, आणि काडतुसं वाण्याच्या दुकानातसुद्धा मिळतात. म्हणजे इकडच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात. ७ पीआरसी पण उत्तम, धक्का थोडा कमी, वारा थोडा चांगला कापते, पण तू विमानाने कुठे गेलास आणि बॅगेतली काडतुसं हरवली तर गावठी दुकानात मिळेलच असं नाही.

खरं सांगू? तुझी क्रीडमूरसुद्धा कायद्यात बसते. कोलोरॅडोत एल्कला कमीत कमी .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर गोळीत हजार फूट-पाउंडांचा जोर लागतो. पण ३०० च्या पुढे मी ती नराच्या खांद्यावर नाही झाडणार.

अँकरेजकर, १८ फेब्रुवारी

काका, माझी .३३८ परत घेतो. असं काही लिहायला जिगर लागते.

पण एक मतभेद ठेवतो. क्रीडमूरला कमी लेखू नका. माझ्या ओळखीची एक बाई त्यानेच दरवर्षी कॅरिबू (तिकडचं हरीण) पाडते, कारण ती त्या रायफलीतून वर्षाला चारशे गोळ्या झाडते आणि तिला धक्क्याची भीती नाही. माझा एक मित्र .३००चा मोठा भाऊ घेऊन येतो, चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, आणि मग म्हणतो दुर्बीण हलली.

व्हिसाच्या_रांगेत, १९ फेब्रुवारी

जरा वेगळा प्रश्न. मी एच-१बी वर. रेंजवर पण बंदूक धरू शकत नाही असं ऐकलंय, शिकार तर लांबच. खरं का?

बाराबोर_काका, १९ फेब्रुवारी

केंद्राच्या कायद्यात तात्पुरत्या व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला बंदी आहे हे खरं, पण त्यातच अपवाद दिलाय: कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना तुझ्या नावावर असेल तर चालतं. म्हणून बरेच जण आधी परवाना काढतात. तो संपला की सूटही संपली, तारीख बघत राहायची. राज्याचे नियम वेगळे असतात, आणि तुझं ग्रीनकार्ड रांगेत असेल तर वकिलाला दोनशे डॉलर देऊन विचारच, माझ्या प्रतिसादावर नोकरी पणाला लावू नकोस.

सॅक्रामेंटोची_सून, २० फेब्रुवारी

गोळीच्या धातूबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, कॉन्डोर गिधाडं आतड्यातलं शिसं खाऊन मरतात म्हणून. मी आणि नवरा तांब्याची वापरतो. तांब्याच्या गोळीचे तुकडे होत नाहीत, मांसात शिशाची कणी येत नाही (घरात लहान मूल असेल तर हे एकच कारण पुरे), आरपार जाते म्हणून माग काढायला रक्त मिळतं. पण ती उमलायला वेग लागतो. काही शिशाच्या गोळ्या १६०० फुटांवरही उमलतात, तांब्याला मी २००० च्या खाली विश्वास नाही ठेवत. वेग संपला की ती पेन्सिलीसारखी भोक पाडून निघून जाते आणि जनावर पळत राहतं.

म्हणजे तांबं घेतलंत की लांबचा पल्ला आपोआप आखूड होतो, .३०० मध्येसुद्धा. धोंडूदादा, ८०० चं स्वप्न तिथेच संपलं बघा.

डेन्व्हरचा_धोंडू, २१ फेब्रुवारी

ताई, काका, सर, सगळ्यांचे आभार, वाखुसा (वाचनखूण साठवली). काकांचा तो प्रतिसाद बायकोलाही वाचून दाखवला, ती म्हणाली हा माणूस भरवशाचा आहे, याचं ऐक.

काल रेंजवर मित्राची .३०० विन मॅग वीस गोळ्या झाडून बघितली. पहिल्या पाच मस्त. बाराव्यानंतर गोळ्या खाली-डावीकडे जायला लागल्या, मित्राने न सांगता एकदा रिकामी रायफल दिली आणि चाप ओढताना मी रायफल अशी काही खाली ढकलली की शेजारच्या टेबलावरचा म्हातारा हसला. म्हणजे अँकरेजकरांचा डोळे मिटणारा मित्र मीच. मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा, धक्का कमी करणारा) लावू का?

अँकरेजकर, २१ फेब्रुवारी

ब्रेक लाव पण मग शेजारच्याचे कान जातात. रानात कानात बोंडं घालायला कुणाला आठवत नाही. सायलेन्सर बघ, कोलोरॅडोत शिकारीला चालतो, धक्का पण कमी होतो.

बाराबोर_काका, २२ फेब्रुवारी

आणि एक .२२ (बारीक काडतुसाची, धक्का नसलेली रायफल) घे. स्वस्तातली. उन्हाळाभर तीच झाड, बसून, गुडघ्यावर, सॅकवर टेकवून, धापा टाकत. दर रविवारी .३०० च्या फक्त दहा. वीस नाही, दहा. वाईट सवय अकराव्या गोळीला लागते.

गणिताचा_तास, २२ फेब्रुवारी

बजेटही त्यातच बसतं. लापुआची एक गोळी पाच-सहा डॉलरला, .३०० ची साधारण निम्म्यात. दहा आठवडे गुणिले दहा करून बघा.

डेन्व्हरचा_धोंडू, ४ नोव्हेंबर

धागा वर काढतोय. .३०० विन मॅग घेतली, २०० ग्रेन, सायलेन्सर लावला. मार्च ते ऑक्टोबर .२२ च्या किती झाडल्या ते मोजणं सोडलं, .३०० च्या दोनशे दहा.

टॅग कोराच घरी आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या उतारावर नर होता, पाच बाय सहा (एका शिंगाला पाच टोकं, दुसऱ्याला सहा), रेंजफाइंडरने ५३०. मी सॅकवर आडवा, ठोके शांत, माझ्या गालाला वाराच नाही. मित्र कानात म्हणत होता घे, घे. मग दुर्बिणीतून बघितलं तर त्याच्या पायाशी गवत एका बाजूला लोळलेलं, आणि घळीच्या मधल्या झुडपांची पानं उलट्या बाजूला. दोन वारे, उलटसुलट. चार मिनिटं तो तिथे होता, मी चकती फिरवलीसुद्धा, आणि मग सुरक्षा कळ परत लावली. घळीत उतरलो. वर पोचेपर्यंत तासभर गेला, तो गेला होता, गरम लेंड्या तेवढ्या मिळाल्या.

मित्र अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये. त्याच्या मते सोपा शॉट होता. असेलही.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री, ४ नोव्हेंबर

म्हणजे यंदा तंगडी नाही?

डेन्व्हरचा_धोंडू, ४ नोव्हेंबर

मित्राची होती ना. पाचव्या दिवशी त्याने २४० वर पाडला. हमाली चुकली नाही.

अँकरेजकर, ५ नोव्हेंबर

मी असतो तर झाडली असती बहुतेक. आणि पुढचं वर्षभर झोपलो नसतो.

बाराबोर_काका, ५ नोव्हेंबर

धोंडू, पुढच्या सीझनचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारच्या आत टाक. आणि ती घळ, तिथे पहाटेच का नाही उतरून बसत? अंधारात, वारा खाली उतरत असताना. ५३० चे २०० होतील. नकाशा व्यनि (खासगी निरोप) कर, बघतो.